पोर्टवर रुमाल कुणाचा?

या महिन्याच्या टपालात (टपाल कसलं, ईमेलच सगळे, कागदी पत्र आता फक्त वर्गणी संपल्याचं येतं) बरेचसे प्रश्न एकाच एररभोवती फिरतायत, ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, म्हणजे प्रोग्रामला हवा असलेला पोर्ट (नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी मशीनचं नंबर दिलेलं दार) आधीच कुणीतरी धरलाय. म्हणून म्हटलं एकत्रच घेऊ. त्याआधी एक सांगून ठेवतो, कमांडा इथे देवनागरीत छापल्यात, फोनवर मित्राला सांगतो ना तशा. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, आणि सगळी अक्षरं छोटी. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी ‘मोठा’ असं लिहिलंय, तेवढं सांभाळा, नाहीतर कमांड काहीतरी भलतंच दाखवेल आणि शिव्या मला बसतील.

प्रश्न : सर, मी कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मला अहो-जाहो नका करू प्लीज. उबुंटूवर जावाच्या स्प्रिंग बूटमध्ये प्रोजेक्ट करतेय. एकदा रन केला की चालतो, मी कंट्रोल-झेड दाबून बंद करते, पुन्हा रन केलं की ८०८० पोर्ट बिझी आहे म्हणतो. मैत्रीण म्हणाली पोर्ट बदल, म्हणून ८०८१ केला, मग ८०८२, आज सकाळपासून ८०८४ पर्यंत पोचलेय. शेवटी लॅपटॉप रीस्टार्ट करते मग होतं. आणि लॅपटॉप पण दुपारपर्यंत फार स्लो होतो, आणि जुना ८०८० ब्राउझरमध्ये उघडला तर एरर नाही येत, नुसतं गोल गोल फिरत बसतं. हे सगळं वेगवेगळं आहे का एकच?

एकच आहे गं, आणि तुझ्याच पत्राच्या दुसऱ्या ओळीत उत्तर आहे. कंट्रोल-झेडने प्रोग्राम बंद होत नाही, तो थांबतो. झोपतो म्हण. मेलेला नसतो, मेमरी धरून असतो, पोर्टही धरून असतो. एसटीत आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो आणि मग खाली उसाचा रस प्यायला जातो, तसं. माणूस जागेवर नाही पण जागा त्याचीच. तू सकाळपासून पाच सीटवर पाच रुमाल टाकलेस आणि एकावरही बसली नाहीस! जावाची एकेक प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) काही शे एमबी रॅम सहज खाते, म्हणून दुपारपर्यंत लॅपटॉप लोळतो.

ब्राउझर गोल फिरतो त्याची गंमत अशी की पोर्टवर आलेलं कनेक्शन आधी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) उचलतो, तुझा प्रोग्राम नाही. कर्नल ‘या या बसा’ म्हणून रांगेत उभं करतो आणि आतला माणूस झोपलेला, त्यामुळे ब्राउझर वाट बघत बसतो. पोर्टवर कुणीच नसतं तर लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असतं. हा फरक लक्षात ठेव, पुढे नोकरीत फार कामाला येतो, रिफ्यूज म्हणजे सीट रिकामी, नुसतं फिरणं म्हणजे रुमाल आहे पण माणूस हलत नाहीये (किंवा मध्ये फायरवॉल कनेक्शन गिळतोय, पण ते तुझ्याच लॅपटॉपवर बहुतेक नसतं).

आता रुमाल कुणाचा ते बघू. टर्मिनलमध्ये लिही : सुडो एसएस स्पेस डॅश एलटीएनपी. एल म्हणजे फक्त लिसन करणारे (कनेक्शनची वाट बघत बसलेले), टी म्हणजे टीसीपी, एन म्हणजे नावं नको आकडे दे, पी म्हणजे प्रोसेस दाखव. जी ओळ ८०८० ची असेल तिच्या शेवटी ‘जावा, पीआयडी ४३१२, एफडी ९’ अशा छापाचं काहीतरी दिसेल. पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, तो आपल्याला हवा, एफडी म्हणजे त्या प्रोसेसच्या उघड्या फायलींपैकी कितव्या नंबरला हा सॉकेट (नेटवर्क कनेक्शनचं प्रोग्रामकडचं टोक) आहे तो आकडा, सध्या सोडून दे. सुडो (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालव) का, तर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं नाव साध्या युजरला दिसत नाही, पोर्ट दिसतो पण शेवटचा रकाना कोरा, आणि लोकांना वाटतं कमांडच बिघडली.

पीआयडी मिळाला की लगेच मारायला धावू नकोस. पाच जावा चालू असतील तर सगळ्यांचं नाव ‘जावा’च दिसणार ना, मग तुझा प्रोजेक्ट कुठला आणि तुझ्या आयडीईने (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरने) स्वतःसाठी चालवलेला जावा कुठला? त्यासाठी पीडब्ल्यूडीएक्स ४३१२ लिही, ती प्रोसेस सध्या कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते येतं, बहुतेक तिथूनच सुरू झालेली असते. नाहीतर पीएस डॅश एफपी ४३१२, त्यात पूर्ण कमांड आणि कधी सुरू झाली ती वेळ. पीएस ला स्टॅट नावाचा रकाना मागितलास तर थांबवलेल्या प्रोसेसपुढे मोठा टी दिसेल, तोच तुझा झोपलेला.

आणि मग सरळ मार्ग म्हणजे त्याच टर्मिनलमध्ये जॉब्स लिही, यादी येईल, एफजी लिहून प्रोसेस पुढे आण आणि कंट्रोल-सी दाब. संपलं. साधा किल ४३१२ दिलास तर एक गंमत होईल, काहीच होणार नाही! कारण थांबलेल्या प्रोसेसला किलचा निरोप पोचतो पण ती जागी होईपर्यंत वाचत नाही. इथे सगळे वैतागून किल डॅश ९ मारतात, ते झोपेतही मारतं हे खरं, पण नऊ नंबरचा सिग्नल प्रोसेसला आवरायला एक क्षणही देत नाही, अर्धी लिहिलेली फाइल तशीच, डेटाबेसचं काम अर्ध्यावर तुटलेलं. प्रोजेक्टला चालेल, पण बोटांना सवय लागते आणि बोटं पुढे सर्व्हरवरही तेच करतात. त्यामुळे यापुढे झेड नाही, सी. आणि पोर्ट परत ८०८० कर, ती ८०८४ ची फाइल गिटवर टाकलीस तर प्रोजेक्टमधल्या बाकीच्यांचाही पोर्ट बदलेल आणि ग्रुपवर भांडण होईल.

प्रश्न : मॅकवर फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) शिकतोय. पोर्ट ५००० बिझी येतो. इंटरनेटवर नेटस्टॅट डॅश टीयूएलपीएन अशी कमांड सगळीकडे दिलीय ती माझ्याकडे चालतच नाही. एलएसओएफ ने बघितलं तर ‘कंट्रोलसीई’ असं अर्धवट नाव आणि पोर्टच्या जागी ‘कॉम्प्लेक्स-मेन’. हा व्हायरस आहे का? मारला तर परत येतो. — ठाणे

व्हायरस नाही, घाबरू नका. ते ‘कंट्रोल सेंटर’ आहे, एलएसओएफ नावाची फक्त पहिली नऊ अक्षरं दाखवतो म्हणून अर्धवट दिसतं. मॅकओएस माँटेरेपासून, म्हणजे २०२१ पासून, एअरप्ले रिसीव्हर ५००० आणि ७००० हे पोर्ट घेऊन बसतो. आणि फ्लास्कचाही ठरलेला पोर्ट ५०००च, त्यामुळे नवीन शिकणारा पहिल्याच दिवशी अडकतो. मारला तर सिस्टीम त्याला परत उभा करणारच, त्याचं काम आहे ते. आयफोनवरचा व्हिडिओ मॅकवर टाकायचा नसेल तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात एअरड्रॉप अँड हँडऑफ (नव्या मॅकओएसमध्ये नाव थोडं वेगळं असू शकतं), तिथे एअरप्ले रिसीव्हर बंद करा. माँटेरेच असेल तर हा खटका शेअरिंगमध्ये आहे. किंवा फ्लास्कला ५००१ द्या, मी तेच केलंय, सिस्टीमशी कशाला भांडा.

‘कॉम्प्लेक्स-मेन’चं म्हणाल तर ईटीसी फोल्डरमध्ये सर्व्हिसेस नावाची एक फाइल असते, त्यात कुठल्या पोर्टला काय नाव दिलंय त्याची जुनी यादी. एलएसओएफ पोर्टचा आकडा दिसला की त्या यादीतलं नाव छापतो, त्या पोर्टवर खरंच ते चाललंय की नाही त्याच्याशी देणंघेणं नाही. जुन्या चाळीत दारावर आधीच्या भाडेकरूची पाटी तशीच राहते ना, तसं. म्हणून नेहमी मोठा पी लावा, म्हणजे आकडाच दिसेल, आणि छोटा एन लावा म्हणजे तो प्रत्येक आयपीचं नाव डीएनएसला विचारत बसणार नाही (हे न लावल्यामुळे कमांड मिनिटभर गप्प बसते आणि माणूस समजतो हँग झालं). पूर्ण कमांड अशी : सुडो एलएसओएफ, स्पेस, डॅश छोटा एन मोठा पी, स्पेस, डॅश आय लगेच मोठ्या अक्षरांत टीसीपी, कोलन ५०००, स्पेस, डॅश छोटा एस लगेच मोठ्यात टीसीपी, कोलन, मोठ्यात लिसन. लांब आहे, एकदा एलियस (कमांडचं छोटं टोपणनाव) करून ठेवा.

आणि नेटस्टॅट तुमच्याकडे का चालत नाही, तर नेटस्टॅट मूळ बर्कलीच्या युनिक्समधला, १९८३ च्या ४.२ बीएसडीपासूनचा. लिनक्सवाल्यांनी आपला वेगळा लिहिला आणि त्यात पी म्हणजे प्रोग्राम ठरवलं, मॅक मात्र बीएसडीच्या घराण्यातला, तिथे पी म्हणजे प्रोटोकॉल, त्यामुळे तो पीच्या पुढे टीसीपी की यूडीपी असं काहीतरी मागतो आणि तुम्ही दिला एन. नाव एक, घरं दोन. लिनक्सवरही आता नेटस्टॅट बऱ्याच ठिकाणी आपोआप येत नाही, त्याच्या जागी एसएस आलाय, तो कर्नलला थेट विचारतो म्हणून हजारो कनेक्शन असली तरी पटकन उत्तर देतो. एलएसओएफ मात्र दोन्हीकडे आहे. तो पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबल यांनी लिहिला, नावाचा अर्थ उघड्या फायलींची यादी, कारण युनिक्समध्ये सॉकेटसुद्धा उघडी फाइलच धरतात.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर सुडो लावून एसएस चालवला तरी दोन पोर्टपुढे प्रोसेसचं नावच येत नाही, २०४९ आणि यूडीपी ५१८२०. आणि २२ पुढे एसएसएचडी बरोबर सिस्टमडी पण दिसतं. हॅक झालंय का? साहेब विचारतायत. — नाशिक

साहेबांना सांगा चहा घ्या. २०४९ हा एनएफएसचा (नेटवर्कवरून फायली वापरू देणाऱ्या सेवेचा) पोर्ट आणि लिनक्सवर एनएफएस सर्व्हर कर्नलच्या आत चालतो, तो पोर्ट कुठल्या प्रोसेसचा नसतोच, मग नाव कुठून येणार. ५१८२० वर बहुतेक वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) असेल, तोही कर्नलमधलाच. बहुतेक म्हणालो, खात्री करा, डब्ल्यूजी शो लिहून बघा, तिथे लिसनिंग पोर्ट हाच दिसला तर झालं. दिसला नाही तर मला नाही, ज्याने सर्व्हर लावला त्याला फोन करा, लगेच.

२२ हा एसएसएचचा, म्हणजे दुरून लॉगिन करायचा पोर्ट, आणि सिस्टमडी म्हणजे लिनक्सवरच्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम. २२ वर तो दिसतो ते सॉकेट ॲक्टिव्हेशनमुळे. म्हणजे रुमाल एकाने टाकायचा आणि बसायचं दुसऱ्याने, आधी पोर्ट सिस्टमडी धरतो, कुणी आलं की मग खरा एसएसएचडी उठवून त्याच्या हातात देतो. उबुंटूने २२.१० पासून एसएसएचला हीच पद्धत लावली. सिस्टमसीटीएल लिस्ट-सॉकेट्स लिहिलं की कुठला पोर्ट कुणासाठी राखलाय ती यादी येते. याचा परिणाम असा की एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलून नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी जुनाच पोर्ट चालू राहू शकतो, कारण रुमाल सिस्टमडीचा, त्यामुळे सॉकेट युनिटही रीस्टार्ट करायचं.

डॉकर (कंटेनर नावाच्या वेगळ्या खोक्यात प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर आणखी एक. पोर्टपुढे ‘डॉकर-प्रॉक्सी’ दिसेल, त्याला मारून काही उपयोग नाही, डॉकर पीएस लिहून कुठल्या कंटेनरचा पोर्ट आहे ते बघा आणि तो कंटेनर थांबवा. आणि कंटेनरच्या आतले पोर्ट बाहेरच्या एसएसला दिसतच नाहीत, त्यांचं नेटवर्कचं घर वेगळं. आत डोकवायचं तर त्या कंटेनरच्या मुख्य प्रोसेसचा पीआयडी घेऊन सुडो एनएसएंटर डॅश टी पीआयडी डॅश एन आणि पुढे तुमचा नेहमीचा एसएस. ही कमांड कळल्यापासून माझे किती तास वाचले, आधी मी प्रत्येक कंटेनरमध्ये एसएस इन्स्टॉल करत बसायचो.

साहेबांवरून आठवलं. मी नवीन असताना एका कंपनीत (नाव कशाला) डेटाबेस अडकला होता, मी हुशारीने इंटरनेटवरून उचललेली एक ओळ मारली, एलएसओएफ डॅश टी डॅश आय कोलन ३३०६, त्याचं जे उत्तर येईल ते थेट किल डॅश ९ ला. डॅश टी म्हणजे फक्त पीआयडी दे. मला वाटलं एकच पीआयडी येणार, मायएसक्यूएलचा. पण नुसतं कोलन ३३०६ म्हटलं की एलएसओएफ त्या पोर्टशी संबंध असलेले सगळे देतो, ऐकणाराही आणि जोडलेलेही. आमचं अख्खं ॲप्लिकेशन त्याच मशीनवर, ते डेटाबेसला जोडलेलं, रात्रीचा बॅकअप जोडलेला, सगळे एका दमात आडवे. नंतरचा अर्धा तास मी काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरच्या लॅपटॉपवर हीच ओळ ८०८० साठी मारलीत तर त्या पोर्टचं पान उघडलेला ब्राउझर पण सगळ्या टॅबसकट जाऊ शकतो, करून बघू नका, किंवा बघा एकदा. म्हणून वर मॅकवाल्यांना ते शेवटचं लांबलचक ‘लिसन’ लावायला सांगितलंय, ते शोभेचं नाही.

प्रश्न : एफयूझर डॅश के ८०८० स्लॅश टीसीपी ने एका दणक्यात काम होतं मग एवढं सगळं कशाला?

होतं की. फक्त डॅश के काही सांगितलं नाही तर थेट नऊ नंबरच मारतो. टर्म (साधा किल पाठवतो तो, आवरायला वेळ देणारा सिग्नल) हवा असेल तर डॅश टर्म, मोठ्या अक्षरांत, वेगळा द्यावा लागतो. आणि डॅश आय लावलंत तर मारण्याआधी विचारतो. मॅकवरच्या एफयूझरला पोर्ट कळतच नाही.

प्रश्न : सीएनच्या (कॉम्प्युटर नेटवर्क्स) प्रॅक्टिकलला सी मध्ये टीसीपी सर्व्हर लिहिलाय. कंट्रोल-सी ने बंद करून लगेच रन केला की बाइंड (पोर्ट धरायची पायरी) फेल होतं. एसएस डॅश एलटीएनपी मध्ये त्या पोर्टवर कोणीच नाही! एक मिनिट थांबलं की चालतं. एक्स्टर्नल समोर असं झालं तर?

तुम्ही एल लावलंय, त्यामुळे फक्त ऐकणारे दिसतायत. एसएस डॅश टीएएन लिहा, त्यात तुमचा पोर्ट ‘टाइम-वेट’ अवस्थेत सापडेल. क्लायंट जोडलेला असताना सर्व्हरने आधी कनेक्शन तोडलं की तोडणाऱ्या बाजूला ते कनेक्शन थोडा वेळ जपून ठेवावं लागतं, जुनं एखादं पॅकेट उशिरा भटकत आलं तर नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून. लिनक्सवर हा वेळ ६० सेकंद, तुमचं एक मिनिट ते हेच. इथे पीआयडी शोधून मिळणार नाही, माणूस उतरून गेला, रुमालसुद्धा कंडक्टरने धरून ठेवलाय. मारायला कुणी नाही.

उपाय एका ओळीचा, सॉकेट बनवल्यावर आणि बाइंडच्या आधी सेटसॉकऑप्ट करून एसओ-रियूजॲडर चालू करा. आधी म्हणजे आधीच, बाइंडनंतर लावून उपयोग नाही, हे मी किती जणांच्या कोडमध्ये उलटं बघितलंय. याने दोन जिवंत सर्व्हर एकाच पोर्टवर बसतील अशी भीती नको, लिनक्स ते तरीही अडवतो. आणि एक्स्टर्नलने विचारलं की ही ओळ कशाला, तर टाइम-वेट सांगा, खूश होतील. वरच्या कराडच्या मुलीला ही भानगड येत नाही कारण जावा हे स्वतःच लावून घेतो.

प्रश्न : आमच्या बँकेत एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) आहे. एसएस नाही, एलएसओएफ टाकायला परवानगी नाही. तुम्हा लिनक्सवाल्यांना आमची आठवण येत नाही.

येते हो, तुमचंच पत्र मी मुद्दाम ठेवलं होतं. तिथे दोन पायऱ्या. आधी नेटस्टॅट डॅश मोठा ए छोटा ए छोटा एन, आणि ग्रेपने तुमचा पोर्ट गाळा, एआयएक्सवर आयपी आणि पोर्टमध्ये कोलन नसून टिंब असतं हे लक्षात ठेवून गाळा. ओळीच्या सुरुवातीला एक लांब हेक्स पत्ता दिसेल. तो पत्ता घेऊन आरएमसॉक, पत्ता, टीसीपीसीबी असं लिहा, रूट (ॲडमिन) म्हणून. उत्तर येतं की हा सॉकेट अमुक पीआयडीच्या अमुक प्रोसेसने धरलाय.

कमांडचं नाव बघून पोटात गोळा येतो मान्य आहे, आरएम म्हणजे काढून टाक, आणि बँकेच्या प्रॉडक्शनवर रूट होऊन आरएम लिहायचं म्हणजे! पण सॉकेट कुठल्याही प्रोसेसकडे असेल तर ती फक्त नाव सांगून थांबते, काढते तो बेवारस असेल तेव्हाच. तरीही कारकुनी म्हणून आधी चेंज रिक्वेस्ट टाका, ऑडिटवाल्यांना लॉगमध्ये ‘आरएम’ दिसलं तर समजावता समजावता तुमची लंच जाईल. सोलारिसवर जुन्या व्हर्जनला पीफाइल्स (प्रोसेसच्या उघड्या फायली दाखवणारी कमांड) प्रत्येक प्रोसेसवर फिरवावा लागतो, तो ज्या प्रोसेसला विचारतो तिला क्षणभर थांबवतो, म्हणून सगळ्यांवर एकदम फिरवायचा तर गर्दीच्या वेळी नको. फ्रीबीएसडीवाले सुखी, सॉकस्टॅट डॅश ४ डॅश एल, एका ओळीत युजर, प्रोसेस, पीआयडी, पोर्ट सगळं.